फोर्टला लंचमध्ये गॉर्मे सँडविच खाऊन पाहायचंय: काय मागवावं, काय तपासावं, पैसे वसूल होतात का?

तुमच्या प्रश्नातून कळलेलं असं: ऑफिस फोर्टला, लंचला जेमतेम पाऊण तास, काळा घोड्याच्या बाजूला सँडविचची दोन-तीन महागडी दुकानं, एकेका सँडविचला साडेचारशे ते सहाशे रुपये. तुम्ही सगळं खाता, सोबत येणारे सहकारी मात्र शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

जरूर जा. पहिल्या खेपेला दोन गोष्टी पाळा: तिथेच बसून खा, आणि मेन्यूतलं सगळ्यात साधं सँडविच मागवा. साधं म्हणजे रोस्ट चिकन, टोमॅटो-मोझरेला किंवा ग्रिल्ड चीज. चार सॉस, ट्रफल (जमिनीखाली मिळणारी महागडी, उग्र वासाची बुरशी) आणि अवोकाडो एकत्र आले की दुकानाचं खरं काम झाकलं जातं. तीनच वस्तूंच्या सँडविचमध्ये पाव, आतला माल आणि करणाऱ्याचा हात, तिन्ही उघडे पडतात.

आत गेल्यावर मेन्यू नंतर वाचा, आधी पाव बघा. चांगल्या दुकानात अख्खे पाव काउंटरवर किंवा मागच्या फळीवर दिसतात आणि ऑर्डर आली की कापले जातात. सकाळीच सगळ्या स्लाइस कापून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या असतील तर बाहेरची साल मऊ पडते आणि कापलेली बाजू सुकते. बिनधास्त विचारा: पाव कधीचा, आणि रात्री कुठे ठेवता? ‘फ्रिजमध्ये’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. पाव शिळा होतो तो निव्वळ पाणी उडाल्यामुळे नाही. भाजताना फुललेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. म्हणून फ्रिजमधला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर कडक आणि भुसभुशीत होतो. डीप फ्रीझरचं तसं नाही, तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते. ताजा असताना गोठवलेला आणि नीट गरम केलेला पाव चांगला लागतो.

सॉरडो (नैसर्गिक आंबवणावर फुगवलेला पाव) कालचा असेल तर नाक मुरडू नका. टोस्ट करायच्या सँडविचला दुसऱ्या दिवसाचा सॉरडो ताज्यापेक्षा बरा, कारण तो सुरीखाली दबत नाही, एकसारखा कापला जातो, आणि साठ अंशांच्या वर गरम झाला की आतून पुन्हा मऊ होतो. बॅगेटचं, म्हणजे लांबट फ्रेंच पावाचं, उलट आहे. तो सकाळचा दुपारी खायचा. फ्रान्समध्ये १९९३ च्या सरकारी नियमानुसार ‘पारंपरिक’ म्हणून विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढंच मुख्य लागतं. टिकवण्यासाठीची रसायनं चालत नाहीत आणि पीठ गोठवताही येत नाही. म्हणूनच तो संध्याकाळपर्यंत काठीसारखा होतो. मुंबईत पावसाळ्यात याच्या अगदी विरुद्ध अडचण: हवेतला दमटपणा साल शोषून घेते आणि सकाळचा कुरकुरीत बॅगेट दुपारी एकला चामट झालेला असतो. समजूतदार दुकान तो भरायच्या आधी १८०-२०० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर ‘पाव गरम करून द्या’ हे आपण होऊन सांगा.

सॉरडो खरा आहे का, हे डोळ्यांनी बऱ्यापैकी ओळखता येतं. साल गडद तपकिरी, जागोजागी बारीक फोड आलेले, आतला भाग पांढराशुभ्र नसून किंचित मळकट आणि ओलसर चमक असलेला, वास ताकासारखा हलका आंबट. जंगली यीस्ट आणि लॅक्टिक आम्लाचे जिवाणू मिळून तो फुगवतात, त्याला बारा ते चोवीस तास लागतात, आणि किमतीतला मोठा वाटा याच वेळेचा आहे. आतली भोकं मात्र लहान आणि सारखी हवीत. मोठमोठी भोकं फोटोत छान दिसतात, सँडविचला ती निरुपयोगी: सॉस त्यातून थेट शर्टावर. स्लाइसची जाडी साधारण बारा-चौदा मिलिमीटर. याहून जाड असेल तर चावताना जबडा दुखतो आणि सगळं सारण मागच्या बाजूने बाहेर येतं. पातळ असेल तर ओल धरते. सॉरडो बहुधा गव्हाचाच असतो, तेव्हा ग्लूटेन पूर्ण बंद असलेल्यांनी तो ‘पचायला हलका’ या भरवशावर खाऊ नये.

बाकीच्या पावांबद्दल थोडक्यात. चाबाटा हा जुना इटालियन पाव वाटतो, पण तो १९८२ मध्ये आद्रिया गावच्या अर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी तयार केला, फ्रेंच बॅगेटच्या सँडविचला टक्कर द्यायला. म्हणजे तो जन्मापासून सँडविचसाठीच आहे: पीठ खूप सैल, साल पातळ, दाबून ग्रिल करायला उत्तम. ‘फोकाच्या’ हा इटालियन पाव ऑलिव्ह तेलात भिजलेला असतो, त्यात मोर्तादेला (इटालियन पोर्क सॉसेज) किंवा भाजलेल्या भाज्या छान बसतात, पण दुपारी अख्खा खाल्लात तर चारच्या मीटिंगला डोळे मिटतील. ब्रियोश या मऊ फ्रेंच पावात अंडी आणि भरपूर लोणी असतं. तुमच्या सहकाऱ्यांना ते आधी सांगा, कारण मेन्यूवर सारण शाकाहारी असलं तरी पावातल्या अंड्याचा उल्लेख बऱ्याचदा राहून जातो. ‘मल्टीग्रेन’ म्हटलेल्या पावाचा रंग एकसारखा चॉकलेटी असेल आणि दाणे फक्त वरच चिकटवलेले असतील तर तो बहुधा रंग दिलेला मैद्याचा पाव असतो. काही दुकानं गोव्याची पोई किंवा इराण्याकडचा ब्रून वापरतात, आणि चांगला वापरतात. या शहराच्या हवेत कोणता पाव तग धरतो हे त्या जुन्या बेकऱ्यांना पक्कं माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट, पाणी. महाग असो वा स्वस्त, सँडविच नासतं ते ओल सुटल्यामुळे. करणारा माणूस काचेआड दिसत असेल तर त्याचा हात दोन मिनिटं नीट बघा. पहिलं काम, लोणी किंवा मेयोनेज पावाच्या अगदी कडेपर्यंत लागलं पाहिजे, चारही कोपरे धरून. हा चवीचा भाग आहेच, पण त्याहून मोठं काम म्हणजे ओल अडवणं. चरबीच्या थराखाली पाव कोरडा राहतो. आपला फुटपाथवरचा सँडविचवाला हेच करतो. अमूल बटर कडेपर्यंत, मग चटणी, मग बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट. सहाशेचं सँडविच करणारा मध्येच सॉसची बाटली धरून दोन नागमोडी रेषा ओढत असेल तर फुटपाथवाल्याचं काम जास्त पक्कं आहे.

दुसरं काम, टोमॅटो. कापलेल्या चकत्यांवर मीठ टाकून दहा मिनिटं चाळणीवर किंवा टिश्यूवर ठेवल्या तर बरंचसं पाणी आधीच निघून जातं. तसं न करता ओली चकती ठेवून वर मीठ भुरभुरलं, तर तेच पाणी सँडविच तुमच्या हातात असताना सुटतं. शिवाय टोमॅटो पावाला थेट टेकता कामा नये. क्रम साधारण असा हवा: पाव, चरबीचा थर, कोरडी पानं किंवा चीज, मग मांस किंवा भाजी, मधोमध टोमॅटो आणि लोणच्यासारख्या ओल्या वस्तू, वर पुन्हा चीज आणि चरबी लावलेला पाव. लेट्यूस धुऊन न सुकवता टाकलं तर वरची सगळी मेहनत वाया. ताज्या मोझरेलामध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते चीज कापून निथळत ठेवलेलं आहे की बरणीतून काढून तसंच टाकतात, हे तुम्हाला दोन पावलांवरून दिसेल. बुराटाचं (आत साय भरलेल्या मोझरेलाचं) सँडविच फोटोला छान, खायला कठीण: आतली साय पहिल्याच घासाला बाहेर येते. ते प्लेटमध्ये, काट्या-सुरीने खायचं असेल तरच घ्या.

मांसाहारी सारणात रोस्ट चिकन घ्या, पण काप असलेलं. तुकडे करून मेयोनेजमध्ये कालवलेलं चिकन वाईटच असतं असं नाही, पण कालचं कोरडं चिकन खपवायची ती जुनी वाट आहे. बोटभर जाडीचे, रेषेच्या आडवे कापलेले तुकडे दिसले म्हणजे कुणीतरी मन लावून काम केलंय. रूबेन आणि पास्त्रामी ही अमेरिकेतल्या डेलींची, म्हणजे मांस-सँडविचच्या दुकानांची, खासियत: राय पाव, मसाला लावून मुरवलेलं गोमांस, रूबेनमध्ये आंबवलेली कोबी आणि स्विस चीज. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा इथे ‘बीफ’ लिहिलं असेल तर ते सहसा म्हशीचं असतं. ते जास्त घट्ट रेषांचं आणि कमी चरबीचं, म्हणून ते कागदासारखं पातळ कापून वाफेवर गरम केलेलं हवं. जाड आणि थंड आलं तर चावता चावता लंच संपेल. व्हिएतनामी ‘बान मी’ (बॅगेटमधलं सँडविच) मेन्यूवर असेल तर गाजर-मुळ्याचं लोणचं पिळून घातलंय का ते पाहा. पिळलं नसेल तर पाचव्या मिनिटाला पाव खालून फाटतो.

शाकाहारी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथेच दुकानं आळस करतात. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची या भाज्या खूप गरम ओव्हनमध्ये, एका थरात, पाणी आटेपर्यंत भाजाव्या लागतात. ट्रेमध्ये ढीग करून भाजल्या की त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि गिळगिळीत होतात. मशरूमचंही तेच. भाज्यांच्या कडांना काळपट-तपकिरी डाग दिसले तर खुशाल घ्या.

चीजबद्दल तुमच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारावाच: रेनेट (दूध साकळवून चीज करायला लागणारं द्रव्य) कशाचं? इटलीचं खरं पार्मिजानो रेज्जानो नियमाप्रमाणे वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतं, म्हणजे ते शाकाहारी नाही. भारतात बनणारं बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं असतं आणि पाकिटावर हिरवी खूण असते. काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसेल तर पाकीट दाखवायला सांगा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. पेस्टोमध्येही (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) हेच पार्मेजान पडतं. शिवाय मूळ कृतीतला चिलगोजा महाग, म्हणून इथे त्याऐवजी काजू किंवा अक्रोड घालतात; सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि मेयोनेज अंड्याचं की बिनअंड्याचं, हेही. कच्च्या अंड्याचं असेल तर ते पाच अंशांखाली ठेवलेलं हवं; काउंटरवर उघड्या डब्यात, पंख्याखाली ठेवलेलं असेल तर ते सँडविच घेऊ नका. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षाची बंदी घातली, ती विषबाधेच्या धोक्यामुळेच.

ट्रफलसाठी जादा दीड-दोनशे मोजू नका. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलाचा वास २,४-डायथायापेंटेन या कृत्रिमरीत्या बनवलेल्या रसायनाचा असतो, आणि तो इतका उग्र असतो की चांगल्या चीजची चवही कळत नाही. अवोकाडोचं मात्र बघून ठरवा. ऑर्डरनंतर फळ कापलं तर पैसे द्यावेत. डब्यातला आधीच कुस्करलेला, कडेने तपकिरी झालेला गर असेल तर सोडून द्या.

वेळेचं गणित तुमच्यासाठी महत्त्वाचं. फोर्टमध्ये एक ते पावणेदोन ही सगळ्यात मोठी गर्दी. थंड सँडविच पाच-सहा मिनिटांत मिळतं. गरम सँडविचला प्रेसमध्ये (दाबून भाजायच्या मशीनमध्ये) तीन-चार मिनिटं लागतात, आणि प्रेसमध्ये एका वेळी दोन, फार तर चार बसतात. तुमच्या आधी आठ गरम ऑर्डरी असतील तर पंधरा मिनिटं तिथेच गेली. घाईत प्रेस जास्त तापवतात, मग पाव बाहेरून करपतो आणि आतलं चीज घट्टच राहतं. म्हणून साडेबाराला जा, नाहीतर सव्वादोनला. एकलाच सुटका होत असेल तर थंड सँडविच मागवा. पाऊण तासात चालत जाणं, रांग, खाणं आणि परत येणं बसवायचं तर दुकान ऑफिसपासून सात-आठ मिनिटांच्या आत असावं.

पार्सल नाइलाजाने घ्यावंच लागलं तर तेही थंडच घ्या, आणि बटर पेपरमध्ये, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये नको. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत कुरकुरीत साल भिजते. टोमॅटो आणि सॉस वेगळ्या डबीत मागा. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये सँडविच ठेवू नका: पाण्याची वाफ होऊन पाव क्षणभर मऊ वाटतो आणि थंड होताच रबरासारखा चिवट होतो. पँट्रीत सँडविच टोस्टर असेल तर तो वापरा.

खाताना कापलेल्या बाजूने सुरुवात करा, सालीकडून नाही. भाजलेली सॉरडोची साल टाळूला ओरखडे काढते, आणि नवख्या माणसाची निम्मी तक्रार तीच असते. तिरकं कापून मागा, म्हणजे मऊ टोक आधी तोंडात येतं. सहा-सात सेंटिमीटरपेक्षा उंच सँडविच तोंडात मावत नाही. ते हाताने हलकं दाबून मग उचला. मधली काडी आधी काढून ठेवा.

बिल आल्यावर तीन गोष्टी पाहा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या, तेव्हा तो आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतो. काउंटरवरून स्वतः उचलून आणलेल्या सँडविचवर तो देण्याचं कारणच नाही. तिसरं, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक बिलावर छापलेला हवा.

पैसे वसूल होतात का, याचं उत्तर पावावरच ठरतं. बारा-चोवीस तास आंबवून भाजलेला पाव, खरं चीज, ऑर्डरनंतर कापलेलं सारण आणि फोर्टचं भाडं धरलं तर साडेचारशे रुपये मला अवाजवी वाटत नाहीत. तेच पैसे बाजारच्या मऊ ब्रेडमध्ये पेस्टो आणि प्रोसेस्ड चीज भरून मागत असतील तर ते अवाजवी आहेत. त्यापेक्षा त्याच रस्त्यावर शंभर-सव्वाशेत ग्रिल चीज टोस्ट मिळतो, गॅसवर भाजलेला, वर शेव आणि बाजूला हिरवी चटणी, आणि तो चवीला सरस असतो. मेन्यूवर चाळीस प्रकार आणि मागे दोनच माणसं दिसली तरी मागे फिरा, कारण एवढी सारणं रोज ताजी होत नाहीत. आठ ते बारा प्रकार आणि त्यातला एखादा ‘आज संपला’ म्हणून खोडलेला असेल तर तिथे बसा.

दोघं जाणार आहात, तर दोन वेगवेगळी मागवून अर्धं-अर्धं करू नका. तुमच्यात एक शुद्ध शाकाहारी आहेत, आणि सुरी, पाट, प्रेस वेगळे आहेत का हेही त्यांना विचारून घेऊ द्या. बऱ्याच लहान दुकानांत प्रेस एकच असतो. मध्ये बटर पेपर घालून भाजायला सांगितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, फक्त ते ऑर्डर देतानाच सांगा.